मोठ्या डॉक्टरांनी आभार मानले तेव्हा

मी पेणच्या एका हॉस्पिटलमध्ये काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आपला गुडघा दाखवतो. लग्नकार्यात तर हमखास. मी घाईघाईने सांगते की मी डॉक्टर नाही. मग तो विचारतो, "सिस्टर?" तेही नाही. "मग रिसेप्शनला?" तिथे तर मी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकणार नाही, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी हातातल्या वहीत बघायला लागते. शेवटी खरं सांगावं लागतं: आमच्या मोठ्या डॉक्टरांना स्टाफला जे सांगायचं असतं, ते मी लिहून देते. यावर तो माणूस गुडघा झाकून घेतो.

माझ्या नेमणूकपत्रावर या कामाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आया, भारती मावशी, मला 'चिठ्ठीवाली' म्हणतात. तेच जास्त बरोबर आहे. मी इंग्रजी माध्यमात शिकले. घरी मराठीच बोलायचो, पण लिहायला बसलं की वाक्य डोक्यात आधी इंग्रजीत उभं राहायचं. त्याचं सरळ मराठी करायला मी नोकरीत शिकले, आणि शिकवणारे होते हाडांचे डॉक्टर, म्हणजे हेच मोठे डॉक्टर.

मोठ्या डॉक्टरांनी आधी पेणला रामवाडीच्या बाजूला हॉस्पिटल काढलं आणि नंतर रोह्याला एक छोटी शाखा. ते मेसेज सांगतात तेव्हा बहुतेक वेळा दोन ऑपरेशनच्या मधे हात धूत असतात. मी वही घेऊन शिंतोड्यांच्या बाहेर उभी असते. एकदा ते म्हणाले, "सगळ्यांना सांग, पेशंटच्या डब्यात कुठली मच्छी आहे ते विचारायचं नाही." मी लिहिलं, 'रुग्णांच्या खासगी बाबींचा आदर राखावा.' त्यांनी चष्मा वर केला.

"ही कुठली खासगी बाब?"

"मच्छी, सर."

"मग मच्छी लिही."

तयार मेसेज स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. पण ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा असतो, म्हणून एक छापील प्रत हजेरीच्या पंचिंग मशीनच्या वर लागते. रोह्याची प्रत अ‍ॅम्ब्युलन्समधून जाते. अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात दिलावरभाई. ते वाटेत नागोठण्याला चहाला थांबतात, मेसेज वाचतात आणि रोह्याला पोचल्यावर कागदासोबत त्याचा अर्थही देतात. मेसेज चार ओळींचा असला तरी अर्थ चांगला अर्धा तास चालतो.

या सगळ्या मेसेजमध्ये एक गोष्ट कायम असायची. डॉक्टर कुणाला ना कुणाला रागावलेले असायचे. बेडपॅन झाका, बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत केळ्याची सालं टाकू नका, एक्स-रे उलटा धरून नातेवाइकांना समजावू नका. स्टाफला त्याची इतकी सवय झाली होती की नवा कागद लागला की कुणीतरी ओरडून विचारायचं, "आज कोनाचा नंबर?"

आता मागच्या हिवाळ्याचं सांगते.

बाहेरच्यांना वाटतं, कोकणात कसली आलीय थंडी. थंडी फार नसते, पण आमच्याकडे थंडीत जे होतं ते एकदम होतं. सकाळी धुकं, संध्याकाळी धूर, म्हणून दमेकरी वाढतात. लग्नं सुरू होतात, म्हणून पोटं बिघडतात. हायवेवर वरातीच्या गाड्या असतात, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांना उसंत नसते. शिवाय जिकडेतिकडे पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण शिजलं का बघायला मडक्याला हात लावणारा दर घरात एक असतोच. तो आमच्याकडे येतो.

मागच्या थंडीत खाटा संपल्या. डॉक्टरांनी मंडप डेकोरेटरला बोलावलं. त्याने टेप घेऊन कॉरिडॉर मोजला आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी खाटा आणि लाल मखमलीच्या कव्हरच्या गाद्या आणून टाकल्या. कव्हरांवर सोनेरी जर होती. न्युमोनियाच्या आजोबांना त्यावर तक्क्याला टेकवून बसवलं तर ते मुलाकडचे वाटायचे.

त्याच दिवसांत जोहे गावचे एक मूर्तिकार मनगट मोडून आले. गणपतीचे साचे माळ्यावरून काढताना पडले होते. आमच्याकडचा कामावरचा मुलगा प्लास्टर घालत होता आणि हे दुसऱ्या हाताने ते गुळगुळीत करत होते. "ढेकूळ ठेवू नको रे, फिनिशिंग बिघडतं." तपासणीला परत आले तेव्हा प्लास्टर त्यांनी अंगाच्या रंगात रंगवलं होतं, मनगटावर सोनेरी कडं काढलं होतं आणि कड्यात खडे बसवले होते. मोठ्या डॉक्टरांनी तो हात बराच वेळ खालीवर करून पाहिला. "बोटं हलवा," म्हणाले. मग हळूच, "खडे खरे आहेत का हो?"

या गर्दीतच स्टाफला सुट्टी हवी असते. पेणच्या खाडीकडच्या बायकांच्या घरी मिठागरांची कामं सुरू होतात, रोह्याकडच्यांच्या शेतात वाल तयार होतो. वाल दव असतानाच उपटावा लागतो, ऊन चढलं की शेंगा तडकतात. त्यामुळे त्या दिवसांत शेतातही माणूस हवा आणि वॉर्डातही.

एका सकाळी डॉक्टर राउंडला आले आणि त्यांना भारती मावशी ऑक्सिजन सिलिंडरला टेकून उभ्या उभ्या झोपलेल्या दिसल्या. हातात झाडू तसाच होता. आम्ही सगळे ओरडा ऐकायच्या तयारीत. डॉक्टर पाय न वाजवता पुढे गेले. दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं.

"या लोकांना काहीतरी चांगलं लिही."

"चांगलं म्हणजे काय, सर?"

"म्हणजे कौतुक गं. मला ते जमत नाही. तुला जमेल. तू वाचतेस."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच मोकळं लिहायला मिळालं होतं. मी दार लावून बसले. माझ्या मनातही त्या लोकांबद्दल पुष्कळ होतं, जे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते सगळं डॉक्टरांच्या नावाने उतरलं:

'प्रिय सहकाऱ्यांनो, या थंडीत तुम्ही जे करताय ते मी रोज पाहतो. बोलून दाखवत नाही, आज दाखवतो. इतकी वर्षं आपण एका घरासारखे राहिलो. यापुढे काहीही झालं तरी ही वर्षं माझ्याजवळ राहतील. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. मी तुमचा मनापासून आभारी आहे.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. एक स्वल्पविरामही बदलला नाही. चष्मा पुसून सही केली. मी केबिनबाहेर आले ती जमिनीच्या थोडी वरूनच चालत होते.

ग्रुपवर मेसेज गेला. एरवी बेडपॅनच्या मेसेजलाही अंगठे येतात. याला काहीच आलं नाही. मी खाली गेले तर पंचिंग मशीनपुढे घोळका होता आणि सगळे तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. भारती मावशींनी मला कोपऱ्यात ओढलं.

"गो, खरं सांग. डाक्टरांना काय झालंय?"

"काही नाही, मावशी."

"मंग 'पोटात घाला' कशाला म्हनतान? माझा सासरा जायच्या आधी असाच बोलाया लागलेला. जन्मभर शिव्या दिल्यान, आन् एक दिवस म्हनतो, भारती, च्या चांगला झालाय. तवाच मी वलखलं."

दिलावरभाईंचं मत वेगळं होतं. ते रोह्याची प्रत घ्यायला आले होते. "बीमार नहीं है. बेटा, मी सांगतो. हॉस्पिटल विकलं. मुंबईची पार्टी आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? मागच्या हफ्त्यात तो माणूस टेप लावून पूरा कॉरिडॉर मोजून गेला की नाही?"

"तो मंडपवाला होता, दिलावरभाई. गाद्यांसाठी."

"वो तो तुमको बोला," असं म्हणून त्यांनी कागद खिशात घातला आणि ते रोह्याकडे निघाले. नागोठण्याचा चहा होईपर्यंत त्यांच्या मनात काही शंका उरली नसावी.

पुढचे दिवस विचित्र गेले. सगळे डॉक्टरांशी मऊ वागायला लागले. भारती मावशींनी देवाचा अंगारा आणून त्यांच्या कपाळाला लावला. आजारी आणि विकलं, या दोन्ही शंकांना तो चालेल असं त्यांचं म्हणणं होतं. सिस्टर त्यांच्याशी वाद घालेनाशा झाल्या. ते म्हणाले, हे ड्रेसिंग नीट नाही, की "हो सर," एवढंच. डॉक्टरांनी मला विचारलं, "हे सगळे माझ्याकडे असं का बघतायत? मी मेलोय का?" मी नेहमीप्रमाणे वहीत बघितलं.

शेवटी जोहेच्या मूर्तिकारांनी फोडलं. प्लास्टर काढायला आले आणि सरळ केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "डॉक्टर, हॉस्पिटल विकलंत म्हणे. मी दिलेला रिसेप्शनमधला गणपती मात्र त्यांना देऊ नका. तो तुमचा म्हणून दिलाय."

केबिनमधून मला हाक आली, ती लॅबपर्यंत ऐकू गेली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला: 'हॉस्पिटल विकलेलं नाही. विकणार नाही. मी ठणठणीत आहे.' मी तो पाठवला. संध्याकाळपर्यंत उरलेल्यांचीही खात्री पटली.

"नसतं विकलं तर सांगायची गरज काय होती?" असं लॅबमधल्या मुलाने मलाच विचारलं.

इथपर्यंत मलाही आतून थोडं हसू येत होतं. मग रोह्याहून लता सिस्टरचा फोन आला. त्या नोकरी सोडत होत्या.

लता सिस्टर म्हणजे आमची रोह्याची शाखा, असं म्हटलं तरी चालेल. त्या रोह्याजवळच वरश्याला राहतात. शेजारच्या धाटावच्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्यांना कधीपासून बोलावणं होतं. तिथे शिफ्ट ठरलेली, रविवार मोकळा. इतके दिवस त्या नाही म्हणत होत्या. आता नव्या मालकाच्या हाताखाली राहायचं तर कंपनी काय वाईट, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्यामागून दोघी धाकट्या सिस्टर निघाल्या होत्या. त्या गेल्या तर रोह्याचा वॉर्ड बंद करावा लागणार आणि तिथले पेशंट पेणला आणावे लागणार. पेणला मखमलीच्या गाद्यासुद्धा संपल्या होत्या.

डॉक्टरांनी फोन केला, पण लता सिस्टर "हो सर, बरं सर," एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तू जा रोह्याला."

"मी? सर, मला बोलता येत नाही."

"तुझ्याच लिहिण्यावरून झालंय ना? जा."

मी दिलावरभाईंच्या शेजारी बसून निघाले. वाटेत मी इंग्रजीत चार मुद्दे पाठ केले आणि मनातल्या मनात त्यांचं मराठी केलं. दिलावरभाईंनी माझ्याकडे दोनदा वळून बघितलं.

"नमाज पढती है क्या?"

"नाही. लता सिस्टरना काय सांगायचं ते ठरवतेय."

"कितने में बेचा, एवढं तरी सांग. कुणाला नाय बोलणार."

रोह्याच्या वॉर्डात पाय ठेवला तर लता सिस्टरनी माझ्या हातात एक रडणारं बाळ दिलं. "धर जरा. आईला सलाइन लावतेय." बाळ मी कसंबसं धरलं. मग मला चादरींच्या घड्या करायला लावलं, मग एका आजीला बाथरूमपर्यंत न्यायला. पाठ केलेले चार मुद्दे त्या आजींच्या वेगाने चालता चालता डोक्यातून गेले. चहाची वेळ झाली तेव्हा लता सिस्टर स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बोल. कशाला पाठवलंय तुला?"

मला फक्त एवढंच सुचलं: "हॉस्पिटल विकलेलं नाही. तो मेसेज मी लिहिला होता."

"तू? व्हय?" त्या हसल्या. "तरीच. आमच्या डॉक्टरांना 'पोटात घाला' कुठलं येतंय! चांगला लिहिलास गो. वाचून माझ्या डोळ्यांत पानी आलं."

"मग राहाल ना?"

"नाय." त्यांनी चहा खाली ठेवला. "विकलं असो की नसो. मला सांग, मी महिन्याभरापूर्वी सुट्टीचा अर्ज दिलाय. आमचा वाल उभा हाय. सासूबाई एकटी शेतात. दोन दिस मागितले. त्याचं काय झालं?"

हे मला माहीत होतं. आमच्या हॉस्पिटलात सुट्टीचा अर्ज कधी नामंजूर होत नाही. तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये जातो आणि तिथेच राहतो. 'हो' येत नाही, 'नाही'ही येत नाही. तारीख निघून गेली की माणूस आपोआप समजतो. सगळीकडे असंच असेल असं मी धरून चालले होते.

"पेणच्या सगळ्यांचे अर्ज पन तिथंच पडलेत ना?" लता सिस्टर म्हणाल्या. "मग ते आभार घेऊन काय करू? वालावर पसरू? नाय म्हन म्हनावं सरळ. मी नंदेला बोलावीन, मजूर लावीन, कायतरी करीन. पन रोज सकाळी उठून वाट बघायची, आज उत्तर येईल, उद्या येईल... कंपनीत निदान फळ्यावर लिहितात."

परतीच्या वाटेवर मी काहीच पाठ केलं नाही. केबिनमध्ये गेले आणि वही न उघडता सगळं सांगितलं. ट्रेकडे बोटही दाखवलं. इतकं सलग मी त्या केबिनमध्ये कधी बोलले नव्हते. गप्प झाल्यावर मला वाटलं, आता माझीच नोकरी गेली.

डॉक्टरांनी ट्रे जवळ ओढला. "नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं," ते म्हणाले. "लताला कसं नाही म्हणू? आणि हो म्हटलं तर वॉर्ड कुणी बघायचा? म्हणून ठेवतो बाजूला."

"सर, तुम्ही माणसाचा पाय कापायचा असला तरी तोंडावर सांगता."

"त्याचं मला शिक्षण आहे."

मग त्यांनी ट्रे टेबलावर पालथा केला. कागदांमध्ये एका औषध कंपनीचं जुनं कॅलेंडरही निघालं. आम्ही दोघांनी बसून कुणाच्या जागी कोण, हे जुळवलं. कुठे पेणची सिस्टर रोह्याला पाठवायची, कुठे स्वतः डॉक्टरांनी ओपीडी रोह्याला हलवायची, आणि रिसेप्शनचा मुलगा गावी गेला की एक दिवस खिडकीत मी बसायचं. हे शेवटचं त्यांनी मला न विचारता लिहून टाकलं. मजकूर या वेळी त्यांनीच सांगितला आणि मी एकही शब्द सुधारला नाही:

'सुट्ट्या. लता, सोमवार मंगळवार, हो. भारती मावशी, मिठागराचा बांध, शनिवार, हो. त्याआधी एक दिवस झोपून काढा, हाही हुकूम आहे. लॅब, पुढच्या आठवड्यात मागितली आहे, नाही, त्यानंतर बघू. दिलावर, नाही. मेव्हण्याचं लग्न म्हणून तू दिवाळीनंतर गेला होतास, तोच मेव्हणा परत लग्न करतोय का? बाकीच्यांची नावं खाली. ज्यांना नाही म्हटलंय त्यांनी भांडायचं असेल तर केबिनमध्ये या. अर्ज आला की यापुढे दोन दिवसांत उत्तर मिळेल. नाही मिळालं तर या मुलीला धरा.'

ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. नाही मिळालेल्यांचे अंगठे आधी आले. दिलावरभाई तो कागद हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, भांडायला. त्यांचा चेहरा मात्र लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारखा फुलला होता.

"मेव्हण्याचा हिसाब ठेवलाय, बघ! नया मालिक ऐसा बोलेगा? अब यकीन आया. नाय विकलं." आणि ते अर्थ पोचवायला रोह्याकडे निघाले.

रोह्याहून मात्र दिवसभर काहीच आलं नाही. अंगठा नाही, फोन नाही. कंपनीला हो की नाही कळवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, हे लता सिस्टरनी मला सांगितलं होतं आणि मी डॉक्टरांना. ते ऑपरेशनच्या मधे मधे बाहेर येऊन माझ्याकडे बघत होते आणि मी मान हलवत होते.

संध्याकाळी केबिनमधला फोन वाजला. मी आतच होते. डॉक्टरांनी स्पीकर लावला.

"सर, लता बोलतेय. कागद बघितला. सोमवार मंगळवारात काय होनार? वाल उपटायचा, सुकवायचा, झोडायचा. बुधवार पन पायजे."

"बुधवार नाही."

"सर, सासूबाईंचं वय बघा."

"माझं वय बघ. बुधवारी तिथे कुणी नाही."

"मग पेनची ती उंच सिस्टर येतेय ना, तिला अजून एक दिस ठेवा की."

"लता, नाही म्हटलं ना!"

"आता नाय म्हनताय, महिनाभर कुठं होतात?"

"फोन ठेव!"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टर लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झालं. गेली ती. आता काय करायचं?"

"नाही गेली, सर," मी म्हटलं. "जायचं असतं तर बुधवार कशाला मागितला असता?"